पदवी नाही, दोनशे पानं आहेत: शहराचा इतिहास लिहावा का?

प्रश्न विचारणारे गृहस्थ शाळेतून निवृत्त झाले आहेत आणि तालुक्याच्या गावी राहतात. गावाला जुनी पेठ आहे, नदी आहे, नगरपालिका आहे. सहा-सात वर्षं गावाविषयी मिळेल ते ते टिपत गेले, त्याची वह्यांची दोनशे पानं झाली. आता ते विचारतात की शहरांचे इतिहास लिहिणारी माणसं नेमकं काम कसं करतात, इतिहासाची पदवी नसताना आपण यात हात घालावा का, आणि यातून चार पैसे सुटतात का.

मी हे काम बावीस वर्षं करतोय. दोन शहरांवर पुस्तकं झाली, तिसरं अर्ध्यावर रेंगाळलंय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात आहे: नाही. पहिल्या पुस्तकाच्या मानधनात माझा झेरॉक्सचा आणि एसटीचा खर्चही निघाला नाही. घर नोकरीवर चाललं, हे काम शनिवार-रविवारी झालं.

पदवीचं म्हणाल तर मुंबईवर ज्यांनी सुरुवातीला लिहिलं त्यांचे व्यवसाय बघा. १८६३ साली ‘मुंबईचे वर्णन’ लिहिणारे गोविंद नारायण माडगांवकर शिक्षक होते. मुंबईच्या उगमावर १९०० मध्ये ज्यांचा ग्रंथ आला ते गर्सन द कुन्या डॉक्टर होते, वर नाण्यांचा नाद. मुंबईच्या उदयावर लिहिणारे एस. एम. एडवर्ड्स आयसीएस अधिकारी. त्यांचं पुस्तक मुळात १९०१ च्या जनगणनेच्या कामातून निघालं, आणि पुढे ते मुंबईचे पोलीस कमिशनर झाले. म्हणजे एक मास्तर, एक डॉक्टर आणि एक सरकारी अंमलदार. तुम्ही मास्तर आहात, तेव्हा परंपरा तुमच्या बाजूची आहे.

पण प्रश्न दोनदा वाचल्यावर मला वाटलं, तुमची खरी अडचण पदवीची नाही. दोनशे पानं जमली आणि त्यांचं पुस्तक होत नाहीये, ही आहे. तुम्ही नमुन्याला पाठवलेली विषयसूची बघितली. पहिलं प्रकरण ‘पौराणिक काळ’, दुसरं ‘सातवाहन ते यादव’, मग शिवकाल, पेशवाई, इंग्रजी अमदानी, आणि अखेरीस ‘आधुनिक कालखंड’ सहा पानांत. ही सूची महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावाला चालेल. गावाचं नाव बदला, पुस्तक तयार! त्या सहा पानांत मात्र तुमच्या लहानपणचा आठवडी बाजार आहे, पहिला नळ आला तो दिवस आहे, तेलघाण्या बंद पडल्या त्याची हकिगत आहे. ते दुसरं कुणीही लिहू शकत नाही, आणि तेच तुम्ही सहा पानांत उरकलंय.

इथे माडगांवकरांकडे जरा सावकाश बघू या, कारण मी स्वतः हे काम त्यांच्याकडून शिकलो. माणूस १८१५ चा, घराणं गोव्याकडचं, लहानपणीच मुंबईत आलेला. शुचिर्भूतपणा, कर्ज, दारूचे अनर्थ असल्या विषयांवर त्यांनी उपदेशपर छोटी पुस्तकं लिहिली. ती आज अभ्यासकांखेरीज कुणी उघडत नाही. ‘मुंबईचे वर्णन’ मात्र अजून वाचलं जातं, १९६१ साली न. र. फाटकांनी ते पुन्हा संपादून काढलं. त्यातही सगळी प्रकरणं सारखी टिकलेली नाहीत. पोर्तुगीज कसे आले, १६६१ मध्ये बेट आंदण कसं गेलं, १६६८ मध्ये कंपनीकडे वर्षाला दहा पौंड खंडाने कसं आलं, हा भाग त्यांनी ग्रंथांवरून लिहिला. पुढच्या संशोधकांना जास्त कागद मिळाले, त्यांनी तो मागे टाकला. तसं होणारच होतं.

मागे पडला नाही तो त्यांनी चालून, बघून, विचारून लिहिलेला भाग. बाजार, जातीजमाती, शाळा, छापखाने, नवी आगगाडी. गणपत कृष्णाजींनी घरच्या घरी शाई आणि दाबयंत्र करून बघत शिळाछापाचा, म्हणजे दगडावरून छापण्याचा, उद्योग कसा उभा केला, हे मराठी मुद्रणाचा इतिहास लिहिणारे आजही माडगांवकरांकडून घेतात. माडगांवकरांच्या लेखी ती शहरातल्या एका खटपटी माणसाची गोष्ट होती. आपण दस्तऐवज तयार करतोय असं त्यांच्या मनातही नसेल.

त्यांना काळही विलक्षण लाभला. आगगाडी १८५३ मध्ये सुरू झालेली, विद्यापीठ १८५७ चं, विहारचं पाणी १८६० च्या सुमाराला शहरात आलेलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढलेले आणि शहरात पैशाचा पूर आलेला. १८६२ मध्ये बार्टल फ्रिअर गव्हर्नर झाले आणि त्यांच्याच कारकिर्दीत कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या. म्हणजे अपोलो गेट, चर्चगेट, बझारगेट या वेशी असलेलं शहर जाण्याच्या बेतात असताना हा माणूस ते लिहून ठेवत होता. १८६५ मध्ये शेअरबाजाराचा फुगा फुटला आणि त्याच वर्षी माडगांवकर वारले. आज चर्चगेट म्हणजे लोकलचं शेवटचं स्टेशन. तिथे गेट कुठे होतं हे रोज उतरणाऱ्या हजारोंच्या गावीही नसतं.

पुण्याचंही तसंच. ना. वि. जोशींचं ‘पुणे शहराचे वर्णन’ १८६८ चं, म्हणजे पेशवाई बुडाल्याला बरोबर पन्नास वर्षं झालेली. दुसऱ्या बाजीरावाचं पुणं लहानपणी पाहिलेली म्हातारी माणसं तेव्हा गावात होती. आणखी वीस वर्षांनी तो दरवाजा बंद झाला असता.

म्हणून माझा पहिला सल्ला असा: विषयसूची उलटी करा. आजपासून सुरू करा आणि मागे चालत जा. जिथे तुमच्या हाताला कागद किंवा माणूस लागेनासा होईल तिथे थांबा. त्याच्या मागचा सातवाहन-यादव मजकूर दोन पानांत, ‘इतरांनी असं म्हटलंय’ एवढ्यावर सोडा. पुस्तक असंच छापायचं असं नाही, छापताना हवं तर काळाचा क्रम सरळ करा. पण काम उलटं करा. पुढून लिहित आलेला माणूस पेशवाईपर्यंत येतायेता दमतो आणि आपल्या काळाला सहा पानं देतो.

दुसरी गोष्ट वह्यांची. तीन रंगांच्या पेन्सिली घ्या. स्वतः पाहिलेल्या गोष्टीखाली एक रंग, कागदात वाचलेल्या गोष्टीखाली दुसरा, ऐकीव गोष्टीखाली तिसरा. दोनशे पानांना चार दिवस लागतील. मी माझ्या पहिल्या पुस्तकाच्या वेळी हे केलं नव्हतं, त्याची किंमत सांगतो.

त्या गावात नदीवर सुरेख दगडी घाट आहे. गावातला प्रत्येक माणूस सांगायचा की अहिल्याबाईंनी बांधला. पुजारी सांगायचा, शाळेच्या हस्तलिखितात होतं, एका स्मरणिकेतही होतं. तीन ठिकाणी आलं म्हणजे खरं, असं धरून मी छापलं. पुस्तक आल्यावर तीन वर्षांनी मी जकातीचं काहीतरी शोधत नगरपालिकेचं जुनं ठरावबुक चाळत होतो. १९११ च्या पानावर एक ठराव दिसला: बादशहांच्या राज्यारोहणानिमित्त नदीवर पायऱ्या बांधण्यास मंजुरी. पुढच्या पानांवर गवंड्याचं बिल, दगड कुठल्या खाणीतून आणायचा, चुना किती, गाडीभाडं किती. सगळं होतं. अहिल्याबाई तर १७९५ मध्येच गेल्या! घाटावर जाऊन बघितलं तर डाव्या बुरुजाला एक चौकोनी गिलावा उठून दिसत होता. खाली कोनशिला असणार. स्वातंत्र्यानंतर पंचम जॉर्जचं नाव कुणाला नकोसं झालं, दगड लिंपला गेला, आणि रिकाम्या जागेवर गावाने आपलं आवडतं नाव बसवलं.

तीन ठिकाणी लिहिलं होतं हे खरं, पण तिघांचं मूळ एकच होतं. ऐकीव गोष्ट कितीदाही मोजली तरी ती एकच भरते. आणि खरी हकिगत छापलेल्या हकिगतीपेक्षा किती रंजक निघाली बघा. अहिल्याबाईंच्या घाटावर मी दोन ओळी लिहिल्या होत्या. पंचम जॉर्जच्या घाटावर, त्या लिंपलेल्या दगडावर आणि गावाच्या विसरण्यावर दुसऱ्या आवृत्तीत नऊ पानं झाली. (पुजारीबुवा अजून माझ्याशी बोलत नाहीत.)

आता कागद कुठे मिळतील हे तुमचं गाव १९४७ पूर्वी कुणाच्या अमलाखाली होतं यावर ठरतं, आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. इंग्रजी मुलखात असेल तर कँपबेलच्या संपादनाखालचं जिल्हा गॅझेटिअर, म्हणजे इंग्रज सरकारने काढलेला जिल्ह्याचा माहितीग्रंथ, हाताशी आहे. नाशिक १८८३, सोलापूर आणि नगर १८८४, पुणे आणि सातारा १८८५. संस्थानी मुलखात असेल तर दरबारचं दफ्तर शोधावं लागेल, कोल्हापूरचं पुरालेखागार त्यासाठी मोठं आहे. मराठवाड्यात असाल तर सप्टेंबर १९४८ पर्यंतचा कारभार निजामाचा, तेव्हा उर्दू-फारसी वाचणारा जोडीदार हवा. विदर्भाची वाट नागपूरकर भोसले आणि मध्य प्रांत अशी वेगळी. पुण्याच्या आसपास असाल तर पेशवे दफ्तर आणि १९१० साली इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी स्थापलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ, दोन्ही जवळ आहेत.

गॅझेटिअरबद्दल एक सावधगिरी. लोक त्याला वेदवाक्य मानतात. आकडे, बाजारपेठ, पिकं, वस्ती याबाबत ते उत्तमच आहे. पण त्यातल्या दंतकथा स्थानिक लोकांकडूनच गोळा केलेल्या होत्या. आज गावकरी जी गोष्ट सांगतात ती आजोबांकडून आली की गॅझेटिअरचं भाषांतर शाळेत वाचून आली, हे अनेकदा सांगता येत नाही. वर्तुळ पूर्ण होतं आणि दोघंही एकमेकांचा दाखला देतात.

सगळ्यात दुर्लक्षित खजिना म्हणजे नगरपालिका. ठरावबुकं, जमाखर्च, घरपट्टीची आकारणी रजिस्टरं, नळजोडण्यांची यादी. १८५० च्या २६ व्या कायद्याने नगरपालिका आलेल्या गावांत दीड शतकाहून जुने कागद असायला हवेत. असतात असं नाही, वाळवी आणि स्थलांतर दोन्ही झालेलं असतं. त्याच्या जोडीला नगर भूमापनाच्या चौकशी नोंदी आणि मालमत्ता पत्रकं. एका आळीची पत्रकं ओळीने लावली की घरं कासारांकडून वाण्यांकडे, वाण्यांकडून डॉक्टरांकडे कशी गेली हे डोळ्यांपुढे येतं. इथे जपून राहा. कुणाचं घर कुणाच्या मालकीचं, यावर आपण निकाल द्यायचा नाही. भाऊबंदकी चालू असलेल्या घराचं नाव गाळा, आळीचा कल सांगा.

मोडीचं काय, असंही तुम्ही विचारलंय. अठराव्या शतकात जायचं असेल तर शिकावी लागेल. अक्षर ओळखायला तीन-चार महिने पुरतात, हात बसायला दोन वर्षं. पण अक्षरापेक्षा जास्त फसवतात त्या तारखा. जुन्या पत्रांत सुहूर सन, म्हणजे त्या काळची एक वर्षगणना, अरबी आकड्यांच्या शब्दांत लिहितात. ‘सन इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार. उलट्या क्रमाने मांडणी, बेरीज ११६१. नवशिका पुस्तकात बघतो: इसवी सन काढायला ५९९ मिळवा. आले १७६०. आता पत्रात पानिपतच्या लढाईची बातमी असेल तर? लढाई झाली १४ जानेवारी १७६१ ला. हे वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, बदलतं, म्हणून जानेवारी ते मृगापर्यंतच्या तारखांना ६०० मिळवायचे असतात. पानिपतची चूक कुणीही पकडेल. पण तुमच्या गावच्या वेशीच्या दुरुस्तीचं साल एकाने हुकलं तर पकडणारा कोण आहे? ते चुकीचं साल पुढे कमानीवर कोरलं जाईल.

म्हाताऱ्या माणसांशी बोलणं हा मला या कामातला सगळ्यात आवडता भाग वाटतो, आणि लोक तो सगळ्यात वाईट करतात. ‘हे किती सालचं, आजी?’ असं विचारू नका. साल कुणालाच आठवत नाही, आणि आदराने विचारलं की माणसं अंदाजे आकडा ठोकून देतात. खुंट्या लावून विचारा. पुण्यात मी विचारतो, पानशेतच्या आधी की नंतर? धरण फुटलं ती १२ जुलै १९६१ ही तारीख त्या पिढीला घरच्या लग्नासारखी आठवते. साताऱ्या-सांगलीकडे कोयनेचा भूकंप, डिसेंबर १९६७. मुंबईत गोदीतला स्फोट, एप्रिल १९४४. दुष्काळी भागात बहात्तर. गांधीवधानंतरची जाळपोळ ही पश्चिम महाराष्ट्रातली मोठी खूण आहे, पण तो विषय माणूस स्वतः काढेपर्यंत थांबावं. एकदा खुंटी सापडली की, ‘तेव्हा तुमच्या कडेवर कोण होतं?’ असं विचारा. मुलाचं वय कळलं की साल आपोआप निघतं.

आणि पायी हिंडा. गावातली नावं ही वस्तू गेल्यावरही टिकतात. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजचं पाणी नळाने शहरातल्या हौदांत आलं. आज फडके हौदाच्या चौकात हौद शोधून बघा. मुंबईच्या धोबी तलावात तलाव नाही. पुण्याच्या शनिवार पेठेचं आधीचं नाव मुर्तजाबाद आणि सोमवार पेठेचं शहापूर होतं, हे कळलं की शहराचा एक अख्खा थर खालून वर येतो. तुमच्या गावात चौकांची, पारांची, बोळांची तोंडी नावं गोळा करा. पाटीवरची नाहीत, रिक्षावाला घेतो ती. पाटीवरचं नाव कुणाला काय वाटावं अशी पालिकेची इच्छा आहे ते सांगतं.

तुमच्या दोनशे पानांत एक मोठी पोकळी आहे, तीही सांगून टाकतो. वेशीबाहेरची वस्ती कुठेच नाही. सफाई कामगारांची चाळ नाही, बाजारात बसणाऱ्या बायका नाहीत. वाडे आणि देवळं लिहायला सोपी, कारण त्यांना वंशावळ असते. बाकीच्यांची नावं सापडतात ती पालिकेच्या पगारपत्रकात, प्लेगच्या काळच्या हुकमांत, पाणवठ्याच्या तक्रारींत. कामगार चाळीतल्या एका बाईंनी मला सांगितलं की त्यांच्या सासूबाई गावातल्या कुठल्या वाड्यात किती माणसं आहेत हे मैल्याच्या टोपलीच्या वजनावरून ओळखायच्या. त्या वाड्यांवर माझी चाळीस पानं लिहून झाली होती. मी घरी गेलो आणि त्यातली पंधरा काढून टाकली.

छपाईसाठी कुणी स्थानिक पतसंस्था किंवा पुढारी पैसे देईल, आणि मग ‘आमच्या वडिलांवर एक प्रकरण टाका’ म्हणेल. मी एकदा टाकलंय. पुस्तकात ते पान आजही दातात अडकलेल्या सुपारीसारखं आहे. पैसे घ्यायचे तर शेवटी एका पानावर आभार, एवढंच आधी लेखी ठरवा. नाहीतर पाचशे प्रती स्वतः काढा. गावाच्या पुस्तकाला गावातच गिऱ्हाईक असतं, बाहेर नसतं.

तेव्हा या महिन्यात एवढंच करा. पेन्सिली फिरवा. मग तुमच्या घरापासून बाजारापर्यंतचा एकच रस्ता घ्या आणि त्यावरच्या प्रत्येक दारामागे आज काय आहे, तुमच्या लहानपणी काय होतं आणि कागद काय म्हणतो, ते लिहा. तीन-चार हजार शब्द होतील. ते माझ्याकडे पाठवा, वाचतो.

आणि नगरपालिकेत गेलात की रेकॉर्डकीपर जे लाल फडक्यातलं बासन काढून देईल, ते सोडण्याआधी त्याची गाठ नीट बघून ठेवा. परत देताना अगदी तशीच बांधा. पुढच्या खेपेला दुसरं बासन मिळणार की ‘साहेब रजेवर आहेत’ हे ऐकायला मिळणार, ते त्या गाठीवर असतं.